‘उद्यापासून येऊ नको’ एवढ्या बोलण्यावर माणसाचं काम जात नाही



मागच्या महिन्यात आमच्या पाड्याजवळच्या रोपवाटिकेवर गार्ड आला. तेवीस माणसं पिशव्या भरत होती. त्याने खिशातून चिठ्ठी काढली, नऊ नावं वाचली आणि म्हणाला, "तुम्ही उद्यापासून येऊ नका. साहेबांचा हुकूम." कोणी विचारलं, का? तर म्हणाला, "काम कमी झालंय." चिठ्ठी परत खिशात घातली आणि सायकलवर बसून गेला. कागद कोणाला दिला नाही, पैसे दिले नाहीत, कारण लिहून दिलं नाही. नऊ घरांची चूल त्या चिठ्ठीवर विझवली, आणि ती चिठ्ठीसुद्धा आम्हाला हातात धरायला मिळाली नाही.

आता ही नऊ नावं कोणाची ते ऐका. त्याच्या आठ दिवस आधी प्लॉटच्या चौकशीला अधिकारी आले होते. 31 मार्च 1978 च्या आधीपासून कसलेल्या जमिनीचे दावे तपासायला. ज्यांनी आपापल्या प्लॉटवर उभं राहून बांध दाखवला, आजाने लावलेलं आंब्याचं झाड दाखवलं, आणि गार्डच्या तोंडावर सांगितलं की ही नागली आम्ही तुझी नोकरी लागायच्या आधीपासून पिकवतो, तेच हे नऊ. एक जास्त नाही, एक कमी नाही. जे त्या दिवशी घरी बसले त्यांचं काम चालू आहे. मागच्या पावसाळ्यात नवीन घेतलेली चार पोरंही कामावर आहेत. मग काम कमी झालं ते फक्त प्लॉट असलेल्यांचंच कसं झालं?

म्हणून मी पहिल्यांदाच सांगतो. आपल्या संघटनेत काही जण म्हणतात, "आपली लढाई जमिनीची आहे, रोजंदारीच्या भांडणात कशाला पडायचं?" त्यांना माझं उत्तर हे आहे की जमीन आणि रोजी ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत. आणि दोरी खात्याच्या हातात आहे. जंगलाचा मालक म्हणवणारा तोच, मजुरी देणाराही तोच. जमीन मागितली की तो रोजी काढून घेतो. रोजी टिकवायची असेल तर जमिनीवर गप्प बसा, असं तो तोंडाने म्हणत नाही, चिठ्ठी वाचून दाखवतो. हे नऊ जण एकटे पडले तर पुढच्या चौकशीला प्लॉटवर कोण उभं राहील?

रोजंदारी म्हणजे काय?

रेंजवर विचारायला गेलो तर साहेब म्हणाले, "अरे, रोजंदारी म्हणजे रोजचं काम. आज बोलावलं, उद्या नाही बोलावलं. यात काढण्याचा प्रश्नच कुठे येतो?"

हे ऐकून आपली माणसं मान खाली घालून परत येतात. आपल्याला वाटतं, खरंच असेल, साहेब शिकलेला आहे. मी फक्त बारावी शिकलो. पण संघटनेच्या शिबिरात कायदा वाचला आणि साहेबाचं बोलणं त्यात कुठे सापडलं नाही.

1947 चा औद्योगिक विवाद कायदा 2025 पर्यंत लागू होता. त्याचं कलम 25-बी म्हणायचं की मागच्या बारा महिन्यांत ज्याने 240 दिवस काम केलं, त्याची एक वर्ष सलग नोकरी झाली. पगारी सुट्टी त्यात धरायची. कामावर अपघात होऊन घरी बसला तर ते दिवस धरायचे. बाईची बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांपर्यंत धरायची. रोजंदारी असो की महिन्याचा पगार असो, कायदा दिवस मोजायचा.

आणि ज्याचे 240 भरले त्याला काढायचं असेल तर कलम 25-एफ लागायचं. त्यात तीन गोष्टी होत्या. एक, कारण लिहून एक महिन्याची नोटीस, नाहीतर महिन्याचा पगार हातात. दोन, भरलेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई, तीही काढतानाच. तीन, सरकारला कळवणे. पहिल्या दोन गोष्टी केल्या नाहीत तर ते काढणं कोर्टात टिकत नसे.

हिशेब करून बघा. समजा रोज 40 रुपये. पंधरा दिवसांचे 600 झाले. नऊ वर्षं भरली असतील तर 5400, वर महिन्याचा पगार वेगळा. आमच्या नऊ जणांना किती मिळाले? चहासुद्धा नाही.

आता काम खरंच कमी झालं असं घटकाभर धरू. तसं होतं, लागवड संपते, योजना संपते. काम संपल्यावर कायदा कपात करू देतो, हे आपण लपवू नये. पण मग कलम 25-जी यायचं. जो शेवटी आला तो आधी जाईल. कोणाला सोडून कोणाला काढायचं असेल तर त्याचं कारण लिहावं लागतं. आमच्याकडे मागच्या पावसात आलेली पोरं राहिली आणि नऊ-नऊ वर्षं राबलेले गेले. आणि कलम 25-एच म्हणायचं, परत माणसं घ्यायची झाली तर ज्यांना काढलं त्यांना आधी बोलवा. सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये एका बँकेच्या खटल्यात सांगितलं आहे की हे परत बोलावण्याचं कलम 240 दिवस न भरलेल्यालाही लागतं. म्हणजे ज्याचे दिवस कमी आहेत त्यानेही घरी बसू नये.

‘हा काय कारखाना आहे का?’

साहेबांचा दुसरा बाण असा की हे कायदे गिरण्या-कारखान्यांचे, जंगल खातं म्हणजे सरकार, ते इथे लागत नाहीत.

हाच बाण सरकारने सुप्रीम कोर्टात मारून बघितला आहे. पुण्याजवळ पाचगाव पर्वतीच्या योजनेवर आणि नगर जिल्ह्यात सामाजिक वनीकरणावर आपल्यासारखेच मजूर होते. कोणी पाच वर्षं, कोणी सहा वर्षं, वर्षाला 100 पासून 330 दिवसांपर्यंत राबलेले, पण कागदावर तात्पुरते. ते कोर्टात गेले. सरकार म्हणालं, हे राज्याचं सार्वभौम काम आहे, उद्योग नाही. कोर्टाने ते मानलं नाही. झाडं लावायची योजना हे काही राजाशिवाय कोणी करू नये असं काम नाही, असा त्या निकालाचा अर्थ. आणि माणसाला पाच-सहा वर्षं तात्पुरता ठेवला यावरूनच दिसतं की त्याला कायमपणापासून दूर ठेवायचा डाव होता.

महाराष्ट्राचा 1971 चा कायदा आहे, कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना बंदी घालणारा. त्याच्या चौथ्या परिशिष्टात मालकाने काय करू नये याची यादी आहे. सूड म्हणून काढणे, खोटं कारण देऊन काढणे, बाजू न ऐकता काढणे, ही एक बाब. वर्षानुवर्षं बदली, तात्पुरता म्हणून राबवून कायम न करणे, ही दुसरी. यादी वाचताना मला वाटलं, कोणीतरी आमच्या रेंजवर बसूनच ती लिहिली असावी.

माझ्या हाताने झालेलं पाप

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहायचा मला अधिकार नाही.

बारावी झाल्यावर नोकरी मिळेना, तेव्हा गार्डने मला रोपवाटिकेवर हजेरी लिहायला ठेवलं. माझी हजेरीही रोजंदारीचीच. साल 1992. आमच्या पाड्यातला एक काका, माझ्या बापाच्या वयाचा, तिथे 1988 पासून कामाला. गादीवाफे त्याच्याइतके सरळ कोणी ओढत नाही. 1993 ला वर्ष संपत आलं तेव्हा गार्ड मला म्हणाला, "याचे दिवस जास्त होतात. कोणाचे 240 होऊ द्यायचे नाहीत. पुढचे दिवस त्याच्या बायकोच्या नावावर लिही." मी लिहिले. काका त्या वर्षी 243 दिवस आला. हजेरीपटावर 229. चौदा दिवस काकूच्या नावावर. काकू त्या चौदा दिवसांत रोपवाटिकेवर आलीच नाही. पैसे त्याच घरात गेले म्हणून कोणी काही बोललं नाही. काकासुद्धा म्हणाला, "घरातच आलं ना, मग झालं."

मलाही वाटलं, झालं. कोणाचं काय गेलं?

31 जानेवारी 1996 ला सरकारने ठराव काढला. 1 नोव्हेंबर 1994 च्या आधीची पाच वर्षं, दर वर्षी किमान 240 दिवस ज्या वनमजुरांनी काम केलं, त्यांना कायम करायचं. यादी लागली. काकाचं नाव नव्हतं. चार वर्षं भरलेली, एका वर्षी 229. कायम पगार गेला, म्हातारपणाची पेन्शन गेली. गेली ती माझ्या पेनाने. आणि या नऊ जणांत पहिलं नाव त्याच काकाचं.

नऊ जणांना काढल्यावर तीन दिवसांनी गार्ड माझ्याकडे कागद घेऊन आला. "यांनी स्वखुशीने काम सोडलं असा जबाब लिही. मागाहून अंगठे घेऊ." मी म्हणालो, या वेळी नाही लिहिणार. दुसऱ्या दिवशी माझंही ‘उद्यापासून येऊ नको’ झालं. म्हणजे आता आम्ही दहा.

हा ‘स्वखुशीचा’ डाव नीट ओळखा. काढतात तोंडाने आणि कागदावर लिहितात की मजूर स्वतःच येईना. सुप्रीम कोर्टापुढे 1993 ला असाच खटला आला होता. कामगार म्हणत होता, मी रोज गेटवर जातो, मला आत सोडत नाहीत. मालक म्हणत होता, हा रजेशिवाय गैरहजर, म्हणून नियमाप्रमाणे नाव आपोआप कमी झालं. कोर्टाने सांगितलं, नियमात काही लिहिलेलं असो, माणसाची बाजू ऐकल्याशिवाय त्याची रोजी काढता येणार नाही. रोजी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या कामगाराला कामावर परत घ्यायला लावलं आणि मागचा अर्धा पगारही द्यायला लावला.

आपल्या पाड्यात कोणाची कोंबडी चोरीला गेली तरी पंच बसतात. ज्याच्यावर आळ आहे त्याला आधी विचारतात, तू काय म्हणतोस? न विचारता दंड केला तर अख्खा पाडा उठेल. ही साधी रीत आपल्याला शाळेत न जाता कळते. मग नऊ वर्षं राबलेल्या माणसाला ‘तू काय म्हणतोस’ एवढं विचारायला साहेबाला काय अडचण होती? विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं, हीच.

कायदेशीर आणि न्यायाचं

एक गोष्ट डोक्यात पक्की करा. कायदेशीर आणि न्यायाचं, हे दोन्ही दर वेळी एक नसतं. साहेबाने उद्या महिन्याची नोटीस दिली, पंधरा-पंधरा दिवसांचे पैसे मोजले, शेवटी आलेल्याला आधी काढलं, तर कायद्याची ती कलमं पाळली जातील. पण जो माणूस जमीन मागतो म्हणून त्याला काढलं असेल, तर पैसे मोजून दिल्याने तो न्याय होत नाही. म्हणून आपली मागणी पैशावर थांबवू नका. कोणी भरपाई घेऊन गप्प बसा म्हणालं, तर विचारा, आमच्या प्लॉटच्या जबाबाचं काय?

आणि उलटही आहे. ज्याचे दिवस 240 पेक्षा कमी, ज्याला 25-एफ लागत नव्हतं, त्याच्यावर अन्याय झालाच नाही असं नाही. कमी दिवस कोणी केले? ब्रेक कोणी दिला? नाव कोणी बदललं? कायद्याने जी रेघ ओढली, तिच्या अलीकडे आपल्याला अडकवायला खात्याने माझ्यासारखी पोरं पेन देऊन बसवली. त्या रेघेपलीकडची माणसंही आपलीच आहेत.

एक सावधगिरीही सांगतो, कारण खोटी आशा दाखवणं हेही पाप. हजेरीपट कुठल्या योजनेचा आहे ते बघा. दुष्काळी काम, रोजगार हमी असल्या योजनेवरच्या मजुराला कायम करा असं कोर्ट सहसा म्हणत नाही. दिल्लीच्या बागकाम मजुरांच्या खटल्यात 1992 ला सुप्रीम कोर्टाने तसंच सांगितलं. म्हणून काही ठिकाणी खात्याच्या नेहमीच्या कामावरचे मजूर मधूनच हमीच्या मस्टरवर टाकतात. काम तेच, जागा तीच, पिशव्या त्याच, फक्त कागदाचं डोकं बदललं. अंगठा उठवण्याआधी वरची ओळ वाचून घ्या. वाचता येत नसेल तर पोराला बोलवा. शाळेत जाणारं पोर पाड्यात आहे ते कशासाठी?

आता काय करायचं

पहिलं. प्रत्येक मजुराने घरात आपली हजेरीची वही ठेवायची. तारीख, जागा, काम काय, गार्ड कोण होता, सोबत कोण होतं. पैसे किती मिळाले, कोणत्या नावावर. कोर्ट सगळ्यात आधी दिवस दाखवा म्हणतं. त्यांचा हजेरीपट त्यांच्या कपाटात असतो. आपली वही आपल्या घरात असली पाहिजे. लिहिता येत नसेल तर भिंतीवर रेघा मारा, आणि संघटनेचा कार्यकर्ता आला की वहीत उतरवून घ्या.

दुसरं. ‘येऊ नको’ म्हटलं तरी दुसऱ्या दिवशी कामावर जा. चार माणसं सोबत घेऊन जा. परत पाठवलं तर त्याच दिवशी रेंज ऑफिसला अर्ज लिहा की मी कामावर आलो होतो, मला काम नाकारलं, कारण लिहून द्या. पोस्टाने रजिस्टर करा आणि पावती जपा. मग ‘स्वतःच येईना’ असं त्यांना म्हणता येणार नाही.

तिसरं. कोऱ्या कागदावर, न वाचलेल्या कागदावर अंगठा नाही. खावटीसाठी असो की पगारासाठी असो, नाही म्हणजे नाही.

चौथं. दिवस घालवू नका. 1971 च्या कायद्याखाली तक्रार 90 दिवसांच्या आत करावी लागते. काढल्याची तक्रार लेबर कोर्टात, कायम न केल्याची इंडस्ट्रियल कोर्टात. ‘भातकापणी झाल्यावर बघू’ म्हणत बसलात तर भात घरात येईल आणि मुदत निघून जाईल. वकिलाच्या पैशाला घाबरू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्याने आदिवासीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला न बघता.

पाचवं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. काढलेल्याच्या जागेवर आपल्यातला कोणी जायचं नाही. मला माहीत आहे, होळीनंतर घरात वरई संपते तेव्हा हे बोलणं सोपं नसतं. आमच्या नऊ जागांसाठी गार्ड शेजारच्या पाड्यात गेलाच होता. तिथल्या बायांनी त्याला विचारलं, "आधीच्यांना का काढलं?" त्याला सांगता आलं नाही. त्या म्हणाल्या, "मग आमालाबी असंच काढशील." एकही आली नाही. कोर्टाचा निकाल लागायला वर्षं लागतील, पण त्या दिवशी त्या बायांनी आम्हाला जो आधार दिला तो त्याच संध्याकाळी पोचला. आता त्यांच्या पाड्यात नागली कमी पडली तर ती पोचवायची जबाबदारी आमची. हा लेख लिहितानाच दोन पायली काढून ठेवली आहे.

शेवटचं. यादी लागल्यावर मला काकाच्या घरी जायची हिंमत झाली नव्हती. आता मात्र गेलो. चौदा दिवसांची गोष्ट सांगितली. हजेरीपटावरचं अक्षर माझं आहे हे सांगितलं. काकू चूल फुंकत होती, तिने वर बघितलं नाही. काका बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मला सांगितलंस ते बरं केलंस. आता तेच कोर्टात सांग."

सांगणार आहे. शपथेवर सांगणार आहे. खोटी हजेरी लिहिली म्हणून माझ्यावरही केस करतील, असं गार्डने निरोप पाठवला आहे. करू देत. ती केस झाली तर लिहायला कोणी लावलं, हेही कागदावर येईल.

गावोगावी माझ्यासारखी हजेरी लिहिणारी शिकलेली पोरं असतील. त्यांना माझं सांगणं आहे. तुमच्या पेनातली शाई खात्याची असेल, पण बोटं आपल्या पाड्याची आहेत. ज्याचे जितके दिवस, तितके लिहा. लिहू देत नसतील तर संघटनेत येऊन सांगा. आणि आधी काही चुकीचं लिहिलं असेल तर त्या घरी जाऊन सांगा. उशीर झाला तरी सांगा.

रोजी आमच्या हक्काची! जमीन आमच्या हक्काची!
जिंदाबाद!

हजेरी लिहिणारा, आता काढलेला, एक कार्यकर्ता